मृत्यूचं कारण : गाडीवरून पडून

गॉर्टनाकरा, मिलस्ट्रीटजवळ
९ फेब्रुवारी १९३८

प्रिय मॉसी,

नाताळचं तुझं पाकीट मिळालं, पाच डॉलर पोचले. दरवर्षी मी ‘पोचले, आभारी आहोत, सगळे ठीक’ एवढं लिहून मोकळी होते. या वेळी जाडजूड पत्र बघून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. तुझे वडील ठणठणीत आहेत. दर रविवारी चर्चहून परतताना आमच्याकडे चहाला थांबतात आणि आईने केलेल्या पावाला नावं ठेवत तीन तुकडे खातात. आईला मात्र आता विहिरीपर्यंत जाऊन येतानाही धाप लागते. काँटर्कचा डॉक्टर म्हणाला, हृदय थकलंय. आई त्याला म्हणाली, “त्र्याहत्तर वर्षं चालतंय बाबा, थकणारच. तुझं गाडीतून फिरून थकलंय, त्याचं काय?” तेव्हा तिची जीभ शाबूत आहे, एवढं तुला कळलं असेल.

आता मुद्द्यावर येते. आईने आमच्या थेडीच्या नावाने, लढ्यात गेलेल्या मुलाची आई म्हणून, सरकारकडे पेन्शनचा अर्ज केला होता, तो जानेवारीत नामंजूर होऊन आला. पुन्हा विचार व्हायचा तर पंधरा एप्रिलच्या आत एका साक्षीदाराचं शपथपत्र पोचायला हवं, आणि तो साक्षीदार जगात एकच आहे. तो कोण हे तुला सांगायला नको. पण आधी सगळं ऐकून घे. नाहीतर शेजारधर्म म्हणून घाईघाईत काहीतरी लिहून पाठवशील आणि तेच नेमकं नको आहे.

इतकी वर्षं आई या अर्जाचं नाव काढू देत नव्हती. एकोणीसशे चोवीसमध्ये पोस्टातल्या बाईंनी फॉर्म आणून दिला, तो तिने चूल पेटवायला घेतला. पोटच्या पोराचे पैसे करून खाणार नाही म्हणाली. म्हातारपणाची पेन्शन तिला मिळते, दर शुक्रवारी. कोंबड्या आहेत, दोन गाई आहेत, माझं शिवणकाम आहे. उपाशी कुणी नाही. पण गेल्या वसंतात आपल्याकडे नवे तरुण फादर आले. चांगले आहेत, फक्त फार नीटनेटके. त्यांना इंग्रजांशी लढताना गेलेल्या आपल्या गावच्या पोरांसाठी चर्चमध्ये प्रार्थनेची मिस्सा करायची होती, म्हणून त्यांनी मृत्यूचं रजिस्टर काढून यादी केली. यादीत थेडी नाही. आईने विचारलं तर बिचारे मऊ आवाजात म्हणाले, “क्रेमिनबाई, तुमचा मुलगा गाडीवरून पडून गेला असं लिहिलंय. त्या वेळी तो... म्हणजे, घेतलेली होती का त्याने?” आई घरी आली, शाल खुंटीला लावली. मग म्हणाली, “ॲबी, तो फॉर्म माग.”

कारण ते वाक्य तिच्याच तोंडचं आहे ना. त्या सकाळी तू डोंगरापलीकडे लपला होतास, तुला ही गोष्ट नीट माहीत नसेल. थेडीला तू पाठीवर टाकून आणलंस, स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलंस आणि गेलास. तासाभराने म्हातारे डॉक्टर केसी आले. करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्यांनी हात धुतले आणि विचारलं, काय लिहू? आदल्याच आठवड्यात पलीकडच्या गावात गोळी लागलेला पोरगा सापडला म्हणून सैनिकांनी ते घर पेटवलं होतं, गुरांसकट. आई म्हणाली, “गाडीवरून पडला, लिहा.” डॉक्टरांनी तसं लिहिलं. कोणती गाडी, कुणी विचारलं नाही ते बरं झालं, कारण आमच्या गाडीचा आस नाताळपासून मोडलेला होता आणि ती गोठ्यामागे उलटी पडली होती. घर वाचलं. डॉक्टर केसी पुढे तीन वर्षांनी वारले. कागद तेवढा राहिला.

फॉर्म भरताना हसावं की रडावं कळेना. एक प्रश्न होता, अर्जदार मृत व्यक्तीवर अवलंबून होती काय? आई म्हणाली, “मी? त्याच्यावर? लिही, तोच माझ्यावर अवलंबून होता. तेवीस वर्षांचा घोडा, स्वतःचे मोजे सापडायचे नाहीत त्याला.” मी म्हटलं, असं लिहिलं तर काही मिळणार नाही. थेडी मजुरीचं पाकीट न फोडता तुझ्या हातात द्यायचा, तेच लिहायचं. “ते सगळेच देतात. त्यात लिहायचं काय?” शेवटी मी तिला न दाखवता ‘होय’ लिहिलं. देव मला माफ करील, सरकारचं माहीत नाही.

मृत्यू कसा झाला या रकान्यात मात्र तिने सांगितलं तेच लिहिलं, आणि ते तूच आम्हाला सांगितलेलं होतं. सोमवार, चौदा फेब्रुवारी एकोणीसशे एकवीस. तू आणि थेडी पहाऱ्यावर होता. सकाळच्या धुक्यात खालच्या वळणावर सैनिकांची लॉरी आली, त्यांनी गोळ्या झाडल्या, एक थेडीला लागली. साक्ष म्हणून रिअर्डनचं नाव दिलं. तोच आपल्या तुकडीचा कॅप्टन. आता डेअरीचा मॅनेजर आहे, पोट सुटलंय, पण माणूस अजून तसाच, विचारायच्या आत सही करणारा.

ऑक्टोबरात डब्लिनहून चौकशीला एक साहेब आला. उंच, सर्दी झालेला. आईने त्याला चुलीजवळ बसवून जळणाच्या टर्फचं मोठं ढेकूळ आत सरकवलं, आणि तो रुमाल वाळवत वाळवत प्रश्न विचारत होता. घरात आणखी काही उत्पन्न? आई म्हणाली, “नाताळला अमेरिकेहून पाच डॉलर येतात.” मुलगा आहे का तिकडे? नाही, शेजारी. साहेबाने लेखणी थांबवली. “शेजारी अमेरिकेत?” “आधी इथंच होता,” आई म्हणाली, “शेजारच्याच घरात. मग आणखी कुठं असणार?” साहेब हसला, पण त्याने तुझं नाव लिहून घेतलं. म्हणाला, “सोळा वर्षं न चुकता? बाई, आमच्या गावात सख्खा भाऊसुद्धा पाठवत नाही.” आईने त्याच्या कपात आणखी चहा ओतला. मी चुलीकडे तोंड करून उभी होते. 

दुसऱ्यांदा आला तो डिसेंबरात, तेव्हा हसला नाही. पिशवीतून एक कागद काढून म्हणाला, हा तुमच्या कॅप्टन रिअर्डनचा स्वतःचा पेन्शनचा अर्ज आहे. मी दाखवायला नको, पण वाचून दाखवतो. रिअर्डनला तू ओळखतोसच, तीन वर्षांत तुकडीने काय काय केलं ते सगळं त्याने तारीखवार लिहिलंय, कापलेल्या तारेच्या खांबांची संख्यासुद्धा. त्यात शनिवार, बारा फेब्रुवारी : गॉर्टनाकराचा रस्ता दोन्ही टोकांना खणून तोडला, आठ फूट रुंद, सहा फूट खोल, काम करणारे अमुक अमुक. त्या नावांत थेडी क्रेमिन आणि मॉरिस लिनेहन, म्हणजे तू. रस्ता बुजवला तो वीस तारखेला, तोही सैनिकांनी शेतकऱ्यांना धरून आणून. साहेब म्हणाला, “बाई, मग चौदा तारखेला लॉरी आली कुठून? उडत?”

  एवढी साधी गोष्ट सतरा वर्षांत गावात एकाच्याही डोक्यात आली नव्हती, मॉसी. ज्यांनी रात्रभर रस्ता खणला, हाताला फोड आणले, तेच दर वर्षी दारूच्या गुत्त्यात त्या लॉरीची गोष्ट सांगतात. तुझे वडील तर आमच्याच चुलीपाशी बसून सांगतात, माझ्या पोराने गोळ्यांच्या वर्षावात थेडीला खांद्यावर घेऊन पाऊण मैल आणला. आता तर लॉऱ्या दोन झाल्यात. आई दर वेळी ऐकून घेते आणि म्हणते, “आणला खरा. जड होता हो थेडी.”

साहेब उठताना दाराशी थांबला. माणूस वाईट नव्हता. मला म्हणाला, “हे बघा, कामगिरीवर असताना अपघात झाला तरी ती कामगिरीच. पहाऱ्यावर बंदूक चुकून सुटली आणि आपलाच माणूस गेला, असे तीन अर्ज याच जिल्ह्यातले मंजूर झालेत. त्यात कुणाला शिक्षा नाही, कुणी काही विचारतही नाही. पण तिथं हजर असलेल्याने तसं लिहून द्यावं लागतं. न आलेल्या लॉरीवर मी सही कशी करू?” एवढं बोलून टोपी घालून गेला. नकाराचं पत्र जानेवारीत आलं, चार ओळींचं. मृत्यूचं कारण रजिस्टरप्रमाणे, गाडीवरून पडून.

आता मी तुला जे सांगणार आहे ते सतरा वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. थेडीला आंघोळ आईने आणि मी घातली. तोंड, हात तिने पुसले. कोट मी काढला. डावीकडे, बरगडीखाली भोक होतं आणि भोवती कापड काळं पडलेलं, करपलेलं. बोट लावलं तर काजळी लागली. मी शेतकऱ्याची मुलगी, मॉसी. लांडगे नसले तरी कोल्हे आहेत आमच्याकडे, बंदूक काय करते ते मी लहानपणापासून बघितलंय. रस्त्यावरून मारलेल्या गोळीने कापड करपत नाही. बंदूक हातभर अंतरावर असावी लागते. आणि त्या सकाळी तुमच्या दोघांत एकच बंदूक होती, तुमच्या घरातली, तुझ्या वडिलांची. डॉक्टर केसींनीही तो कोट बघितला. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, “पोरी, हा जाळून टाक.” मी जाळला. घरासाठी जाळला असं मी स्वतःला सांगत आले. खरं सांगायचं तर निम्मा घरासाठी आणि निम्मा तुझ्यासाठी. ईस्टर झाल्यावर तू आईकडे माझा विषय काढणार होतास, आणि मी एकवीस वर्षांची होते.

मग मी वाट बघितली. मला वाटायचं, तू येशील, गोठ्याच्या भिंतीशी उभा राहशील आणि सांगशील. मी रागावले नसते, असं म्हणत नाही. खूप रागावले असते, तुला मारलंही असतं. पण मग ते तिथंच संपलं असतं. तू आला नाहीस. रस्त्यात दिसलास तर टोपीला हात लावायचास, जशी मी शाळामास्तरीण आहे. युद्ध थांबलं त्या शरदात तू बोटीत बसलास आणि मला ते तुझ्या वडिलांकडून कळलं. त्यानंतर दोघांनी मला विचारलं. एक चांगला होता. मी नाही म्हटलं, आणि का म्हटलं हे आईने कधी विचारलं नाही. मला वाटायचं, तिला काही माहीत नाही. तिला कळू नये म्हणून मी तुझ्या पाकिटांबद्दल हसून बोलायची.

नकाराचं पत्र आलं त्या दुपारी आई बटाटे सोलत होती. मी वाचून दाखवलं. ती सोलतच राहिली आणि मग सहज, कोंबड्यांबद्दल बोलावं तशी म्हणाली, “लिनेहनांच्या मॉसीने थेडीला हात लावला नव्हता.” मला कळेना. मग तिने सांगितलं. थेडीला बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं तेव्हा दुपारपासून सगळं गाव आलं. तुला रीत माहीत आहे, आत यायचं, मातीची चिलीम उचलायची, मृताच्या आत्म्याला शांती चिंतायची, बिछान्याशी गुडघे टेकायचे, प्रार्थना झाली की त्याच्या हातावर हात ठेवून उठायचं, म्हणजे तो स्वप्नात येत नाही. एकशेचाळीस माणसं आली असतील. लहान पोरांनासुद्धा उचलून धरून हात लावायला लावला. आई उशाशी बसली होती. तू आलास, चिलीम घेतलीस, गुडघे टेकलेस. आणि बिछान्यापासून तीन पावलं मागे टेकलेस. उठलास आणि हात न लावता गेलास. ज्याला पाऊण मैल पाठीवर आणलंस, त्यालाच.

तू का लावला नाहीस ते तिला तिथल्या तिथे कळलं, कारण तीच जुनी समजूत आपण दोघांनी तिच्याच चुलीशी ऐकली आहे. मारणाऱ्याचा हात लागला की प्रेताच्या जखमेतून रक्त येतं. आई म्हणाली, “भ्याला पोरगा. मी मनात म्हणत होते, लाव रे, लाव. रक्त कसलं येतंय? पण म्हणायचं कसं? खोली भरलेली होती.” मी विचारलं, मग इतकी वर्षं त्याचे डॉलर कसे घेतलेस? तर माझ्याकडे अशी बघायला लागली जशी मीच बावळट. “घेतले नसते तर त्याला कळलं असतं, मला माहीत आहे म्हणून.” त्या पैशांच्या तिने कोंबड्या घेतल्या, दर वर्षी. सध्या अंगणात ज्या फिरतात त्या सगळ्या तुझ्या आहेत, हवं तर मोजून घे. मग आम्ही दोघी एकमेकींपासून सतरा वर्षं एकच गोष्ट लपवत होतो हे कळून मला इतकं हसू आलं, की बटाट्याच्या सालांवर डोकं टेकून मी रडले.

सोबत कोरा फॉर्म आहे. नोटरीसमोर भरायचा, तुमच्याकडे कोपऱ्याकोपऱ्यावर नोटरी असतात असं ऐकते. बंदूक भिंतीवरून देताना सुटली, की कुणाचा पाय घसरला, की तिचा घोडा अडकला, मला माहीत नाही आणि मी तुझ्या वतीने काही रचणार नाही. रचण्याचं काम या घरात एकदा झालंय, त्यात गाडी नसताना गाडी आली आणि तुझ्याकडून रस्ता नसताना लॉरी आली. तुझ्या वडिलांना वाईट वाटेल, गावातली गोष्ट बंद पडेल, हे मला कळतं. त्यांच्याजवळ मी बसेन, तो शब्द देते. पैसे मला हवे आहेत, खोटं कशाला बोलू, उत्तरेकडचं छप्पर गळतंय. पण आईला पैसे नको आहेत. तिच्या तोंडून जे एक वाक्य कागदावर गेलं ते तिला जिवंतपणी पुसलेलं बघायचंय, म्हणजे आपला पोरगा पिऊन गाडीवरून पडला नाही, पहाऱ्यावर गेला, एवढं तिला फादरांना सांगता येईल. आणि तुला एक निरोप आहे, तिचाच, तिच्याच शब्दांत. मी लिहायला बसले तेव्हा चुलीपासून म्हणाली, “त्याला लिही, तेव्हा थेडीला हात लावला नाहीस, आता या कागदाला लाव. काही होत नाही म्हणावं. मी उशाशीच बसलेय.”

लग्नाचं विचारायचं राहून गेलेली,
अजून तुझीच,
ॲबी